मान तिरकीच राहू द्या

प्रश्न : माझा मुलगा दुसरीत आहे. तान्हा असल्यापासून त्याचे दोन्ही डोळे सारखे डावी-उजवीकडे हलतात. फळा वाचताना तो चेहरा उजवीकडे वळवून तिरका बघतो. मान सरळ कर, असं आम्ही सतत सांगतो. शाळेतल्या तपासणीत एक डोळा झाकल्यावर त्याला वरच्या दोनच ओळी वाचता आल्या. आता डॉक्टरांनी डोळ्यांच्या हालचालींचं रेकॉर्डिंग करायला सांगितलंय. ते दुखेल का? आणि त्याला सगळं हलतं दिसत असेल का? – एक आई, कराड

उत्तर : ताई, आधी ते 'मान सरळ कर' बंद करा. या त्रासाला निस्टॅग्मस म्हणतात. बऱ्याच मुलांमध्ये एका ठरावीक दिशेला बघताना थरथर सर्वांत कमी होते. तुमच्या वर्णनावरून लेकाची ती दिशा डावीकडची दिसते. चेहरा उजवीकडे वळवला की बुबुळं डावीकडे जातात आणि अक्षर ठीक दिसतं. ही युक्ती त्याची त्याने शोधलीय, आणि आपण त्यावरूनच त्याला रागवतो! बाईंना सांगून त्याला वर्गात उजव्या हाताच्या रांगेत, पुढे बसवा. फळा डावीकडे आला की मान वळवायची गरज कमी होईल.

सगळं हलतं दिसत असेल, ही भीती बहुधा नको. तान्हेपणापासून डोळे हलत असले की मेंदू ते सांभाळून घेतो. मोठ्या माणसाला हे अचानक सुरू झालं, तर मात्र भिंती-पायऱ्यासुद्धा हलताना दिसतात. त्याने लगेच डॉक्टर गाठावा.

रेकॉर्डिंग अजिबात दुखत नाही. हनुवटी टेकवून बसवतात किंवा कॅमेरे लावलेला चष्मा घालतात, आणि पडद्यावरच्या ठिपक्याकडे बघायला सांगतात. कॅमेऱ्याचा अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, प्रकाश त्याला जाणवणारही नाही. डोळा हळू सरकतो, झटक्यात परत येतो. त्यामुळे आलेख बऱ्याचदा करवतीच्या दात्यांसारखा उमटतो. डॉक्टर त्यात एक गोष्ट बारकाईने बघतात : झटक्यानंतर डोळा क्षणभर जवळजवळ थांबतो का? मूल अक्षर टिपतं ते तेवढ्या वेळात. हा थांबा कोणत्या दिशेला जास्त टिकतो, तेही कळतं.

पूर्वी डोळ्यांच्या कडेला इलेक्ट्रोड चिकटवून हे मोजत. 1963 साली संशोधक डेव्हिड रॉबिन्सन यांनी डोळ्यावर तारेचं वेटोळं बसवून चुंबकीय क्षेत्रात मोजण्याची पद्धत आणली. ती फार अचूक, पण लहान मुलांना कॅमेराच बरा.

त्या दोन ओळींवरून चष्म्याचा नंबर काढू देऊ नका. एक डोळा झाकला की काही मुलांची थरथर उलट वाढते. अशा वेळी डोळा झाकण्याऐवजी त्यापुढे धूसर दिसेल अशी भिंग धरतात. दोन्ही डोळे उघडे ठेवूनही नजर तपासून घ्या.

शस्त्रक्रियेचा विषय निघालाच, तर तिने थरथर पूर्ण थांबत नाही. स्नायूंची जागा बदलून ती शांत दिशा समोर आणतात, म्हणजे मान कमी वळवावी लागते. घाई नको, आधी आलेख हातात येऊ द्या.

तपासणीला जाताना त्याची झोप नीट झालेली असू द्या. दमलेल्या मुलाचे डोळे जास्त हलतात. चष्मा असेल तर तोही सोबत न्या.