मज्जातंतू तयार होण्याआधीच सी अर्चिनच्या भ्रूणात सेरोटोनिन कशाला?

सी अर्चिन म्हणजे समुद्रातला काटेरी, गोल प्राणी. त्याच्या कोवळ्या भ्रूणात मज्जासंस्थाच नसताना सेरोटोनिन, डोपामिन, अ‍ॅसिटिलकोलिन काय करतात, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. पाठ्यपुस्तकं न्यूरोट्रान्समीटर (चेतापेशींमध्ये निरोप नेणारे असे रेणू) म्हटलं की सिनॅप्सचं, म्हणजे दोन चेतापेशींमधल्या जोडाचं, चित्र काढून मोकळी होतात. पण हे रेणू फलित अंड्यातही सापडतात आणि तिथे त्यांचा संबंध पेशीविभाजनाशी दिसतो.

यावर आयुष्यभर काम केलं ते गेनादी बुझ्निकोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने. त्याच्या प्रयोगांतली एक गोष्ट मला फार आवडते. सेरोटोनिनला रोखणारी औषधं पाण्यात घातली की अंड्याचं विभाजन मंदावतं किंवा थांबतं. पण ती पेशीपटलातून आत शिरणारी असली तरच. विद्युतभारामुळे बाहेरच अडकणारी औषधं टाकली, तर अंडं आपलं खुशाल दोनाचे चार होत राहतं. म्हणजे निरोप घेणारे रिसेप्टर पेशीच्या आत असणार. उलट तपासही झाला. सेरोटोनिनला मेदाम्लाची शेपटी जोडून ते आत जाऊ शकेल असं केलं, तर औषधाने अडलेलं विभाजन सावरतं. पुढची साखळी कॅल्शियम आणि सायक्लिक एएमपी या पेशीच्या आत निरोप पुढे नेणाऱ्या घटकांमार्फत चालते, असं मानलं जातं.

एक सावधगिरी मात्र हवी. यातला बराच पुरावा औषधांवरून काढलेला आहे, आणि जास्त मात्रेत औषधं भलतीकडेही हात घालतात. त्यामुळे ‘सेरोटोनिनशिवाय विभाजन होतच नाही’ असं छातीठोकपणे मी तरी म्हणणार नाही.

सेरोटोनिन बनवणाऱ्या खऱ्या चेतापेशी खूप नंतर, गॅस्ट्रुला अवस्थेच्या (भ्रूणात पेशींचे थर आणि आतडं तयार होतं तो टप्पा) शेवटी, भ्रूणाच्या टोकाकडे उगवतात. तिथून पुढे भूमिका बदलते. पोहणाऱ्या अळीत सेरोटोनिन केसलांची (अंगावरच्या, पोहायला मदत करणाऱ्या सूक्ष्म केसांची) हालचाल वाढवतं, डोपामिन वेग कमी करतं. 2011 मध्ये पॅसिफिकमधल्या जांभळ्या सी अर्चिनवर झालेलं एक काम तर भन्नाट आहे: आसपास अन्न भरपूर आहे हे कळलं की डोपामिनच्या इशाऱ्यावर अळी आपले अन्न गोळा करणारे हात आखूड ठेवते. स्वतःला खाता येऊ लागण्याच्या आधीच!

आपल्याकडे वाळवी मारायला वापरतात त्या क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाची चाचणीही याच भ्रूणांवर झाली आहे, कारण ते अ‍ॅसिटिलकोलिन मोडणारं एन्झाइम बंद पाडतं. ब्लास्टुलाच्या (गॅस्ट्रुलाआधीची, पेशींच्या पोकळ चेंडूसारखी अवस्था) मध्यापासून पुढे ते दिलं तर अळ्या विकृत होतात.