गाण्याचा क्लास आधी सुरू करा

आपण लिहिता की ब्रिटिश जॅझ गायक आणि कलासमीक्षक जॉर्ज मेली यांच्याविषयी वाचल्यापासून बारावीतल्या आपल्या मुलीने 'मी गाणारही आणि कलेवर लिहिणारही' असा धोशा लावला आहे. पूर्वपरीक्षेत 68 टक्के मिळाल्यावर आपण तिचा गाण्याचा क्लास बंद केला आणि अभियांत्रिकीला जाण्याची लेखी कबुली महिनाअखेरपर्यंत मागितली. मला त्या गुणांची काळजी वाटत नाही, त्या कबुलीची वाटते. सतरा वर्षांच्या मुलीची आवड काढून घेऊन तिच्याकडून कागदावर होकार लिहून घेणे म्हणजे मार्गदर्शन नव्हे, ती सक्ती आहे. ती काय गाते, कोणाकडे शिकते, तिने आजवर काय लिहिले, यातले एक अक्षरही आपल्या पत्रात नाही. शेजारच्या मुलाच्या पॅकेजचा उल्लेख मात्र दोनदा आहे.

मेली म्हणजे दोन डगरींवर हात ठेवून केवळ नशिबाने तरलेला माणूस, असे आपण म्हणता. हा समज साफ चुकीचा आहे. 1926 मध्ये लिव्हरपूलच्या एका लोकर व्यापाऱ्याच्या घरी जन्मलेले मेली नौदलातून बाहेर पडल्यावर लंडनमध्ये ई. एल. टी. मेसेन्स या बेल्जियन अतिवास्तववाद्याच्या (स्वप्ने आणि अबोध मन यांतून कला घडवणाऱ्या पंथातल्या कलावंताच्या) चित्रांच्या गॅलरीत नोकरीला लागले आणि चित्रांकडे पाहण्याची नजर त्यांनी तिथे, काम करता करता, कमावली. त्याच सुमारास ते मिक मुलिगन यांच्या जॅझ बँडबरोबर गावोगाव गाऊ लागले. अमेरिकन ब्लूज गायिका बेसी स्मिथ हा त्यांचा आदर्श होता. पुढे 'डेली मेल'मधल्या 'फ्लूक' या चित्रमालिकेचे संवाद ते लिहीत. तिचे चित्रकार वॉली फॉक्स स्वतः जॅझमधले नावाजलेले क्लॅरिनेटवादक होते, म्हणजे लेखनातला जोडीदारही गाण्याच्याच वर्तुळातला. साठच्या दशकात बँड सुटल्यावर 'ऑब्झर्व्हर'मधल्या समीक्षालेखनावर त्यांनी वर्षे काढली आणि सत्तरच्या दशकात जॉन चिल्टन यांच्या बँडबरोबर ते पुन्हा पूर्णवेळ गाण्याकडे वळले. एक काम थांबले तेव्हा दुसऱ्याने त्यांना सांभाळले, आणि पॉप संगीतावर लिहिताना रंगमंचावरच्या वर्षांचा अनुभव त्यांच्या पाठीशी होता.

मुलीलाही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. त्या काळच्या लंडनमधील वृत्तपत्रे समीक्षकाला जागाही देत आणि मानधनही. आज आपल्याकडे केवळ कलासमीक्षेवर घर चालवणारी माणसे फार थोडी आहेत. त्यामुळे संपादन, अनुवाद, अध्यापन किंवा ध्वनिमुद्रण यांपैकी एखादे पोटापाण्याचे कौशल्य तिने पदवीच्या वर्षांतच हाती घ्यावे. एमएचटी-सीईटीचा अर्ज तिला स्वतःला भरावासा वाटला तर भरू द्या; पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र आणि पत्रकारितेचे अभ्यासक्रम या वाटाही आहेतच.

मात्र यांतली कोणतीही वाट मी आज सुचवणार नाही, कारण हे पत्र आपले आहे, तिचे नाही. तो कबुलीचा कागद फाडून टाका आणि क्लास या आठवड्यातच सुरू करा. आठवड्यातून दोन तास गायल्याने बारावी बुडत नाही. बोर्डाची परीक्षा संपल्यावर तिने एक मैफल प्रत्यक्ष ऐकावी, तीवर दोन पाने लिहावीत आणि ती मला स्वतः पाठवावीत. पाठवण्याआधी आपण ती वाचू नयेत, ही माझी अट आहे.