पट्टी खरी, भाचा खरा, नकाशा लबाड

प्रश्न : माझा भाचा नॉर्वेतल्या ट्रोम्सोहून उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवरच्या लाँगइयरब्येन गावी विमानाने जाणार आहे. भिंतीवरच्या जगाच्या नकाशात पट्टी लावून खालच्या मापाने अंतर काढलं, तर साडेतीन हजार किलोमीटर भरलं. तो म्हणतो, प्रवास पावणेदोन तासांचा. माझं कुठे चुकलं? – एक वाचक

उत्तर : तुमचं काहीच चुकलं नाही. असे नकाशे बहुधा मर्केटर या नकाशाकाराच्या पद्धतीने काढलेले असतात. त्याने ती १५६९ साली बसवली ती दर्यावर्दींच्या सोयीसाठी. दिशा अचूक राहावी म्हणून त्याने रेखांश एकमेकांना समांतर उभे केले. खरे तर ते ध्रुवाकडे जवळ येत जातात. विषुववृत्तावर दोन रेखांशांमध्ये १११ किलोमीटर असतात, लाँगइयरब्येनपाशी जेमतेम २३. ही चिंचोळी पट्टी आडवी ताणायची तर त्याच मापाने उभीही ताणावी लागते. त्यामुळे नकाशा ट्रोम्सोपाशी जवळजवळ तिप्पट फुगतो आणि लाँगइयरब्येनला जवळजवळ पाचपट. खाली छापलेलं माप मात्र विषुववृत्तापुरतं खरं!

तुमचं पत्र वाचून मी टेबलावरचा ३० सेंटीमीटर व्यासाचा पृथ्वीगोल पुढ्यात ओढला आणि शिवणाचा दोरा ताणून धरला. पहिल्या खेपेला दोरा सैल राहिला, अडीच सेंटीमीटर भरला. त्या पाव सेंटीमीटरनेच शंभरेक किलोमीटर वाढवले. चिमटीत घट्ट धरल्यावर सव्वादोन आला. माझ्या गोलावर एक सेंटीमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर, तेव्हा हिशेब साडेनऊशेच्या आसपास गेला. अक्षांश-रेखांशांवरून गणित केलं तर साधारण ९६० येतात. या वाटेवर ब्यॉर्नोया, म्हणजे अस्वलांचं बेट, सोडलं तर सगळा समुद्रच.

ताशी ८०० किलोमीटरने ९६० किलोमीटर म्हणजे सव्वा तासाहूनही कमी. उरलेला अर्धा तास कुठे जातो? वेळापत्रकातली वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होते आणि पुन्हा जागेवर उभं राहिलं की संपते. धावपट्टीपर्यंत सरपटत जाणं, चढणं, उतरताना वेग कमी करणं, सगळं त्यात आलं. वारा समोरून असला तर आणखी थोडा वेळ. घड्याळ मात्र बदलावं लागत नाही, स्वालबार्डला नॉर्वेचीच वेळ चालते.

१९७५ साली तिथला विमानतळ सुरू झाला. त्याआधी समुद्र गोठला की गाव हिवाळाभर जवळपास तुटलेलं असायचं. आजही धुकं उतरलं की विमानं रखडतात, तेव्हा पुढचं काही ठरवताना भाच्याने एक दिवस मोकळा ठेवावा.

आणि तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो, कारण लोक इथेच फसतात. स्वालबार्ड नॉर्वेचं असलं तरी शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर आहे. तिथे जायला व्हिसा लागत नाही, पण वाट नॉर्वेतून जाते आणि परतताना पुन्हा शेंगेनमध्ये शिरावं लागतं. भाचा भारतीय पासपोर्टवर जाणार असेल, तर त्याच्या शेंगेन व्हिसावर किमान दोन प्रवेशांची परवानगी आहे ना, ते आजच बघायला सांगा.