रक्तात नसेल तर किती घासणार?

प्रश्न : ताई, माझा मुलगा बारा वर्षांचा आहे, घुमट (आपल्या गोव्यातलं मातीच्या भांड्याला चामडं लावलेलं वाद्य) वाजवतो. लहान असताना डबा, बादली, टेबल काही सोडायचा नाही. गेल्या चवथीला घुमट आरतीच्या स्पर्धेत त्यांचा ग्रुप तिसरा आला तेव्हा त्याचे बाबा म्हणाले पुढच्या वर्षी पहिला नंबर आण, मोबाईल घेतो. तेव्हापासून स्पर्धा जवळ आल्याशिवाय तो घुमटाला हात लावत नाही. शेजारच्या काकी म्हणतात तुमच्या घरात कोणी वाजवणारं नाही, रक्तात नसेल तर किती घासणार. क्लास बंद करू का? (एक आई, फोंडा)

उत्तर : क्लास राहू दे, आधी तो मोबाईल रद्द करा.

चेष्टा नाही करत. १९७३ साली अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला होता. आपणहून आवडीने रंगीत पेनांनी चित्रं काढणारी मुलं घेतली, त्यातल्या काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर तुला छान रिबीन लावलेलं सर्टिफिकेट मिळेल, आणि मग थोड्या दिवसांनी वर्गात पेनं नुसती मांडून ठेवली तर हीच मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत बसली. गंमत म्हणजे ज्यांना न सांगता शेवटी सर्टिफिकेट दिलं त्यांचं काही बिघडलं नाही. म्हणजे बक्षिसाचं वाकडं नाही, आधी ठरवलेल्या सौद्याचं आहे. तुमचा मुलगा बादली वाजवत होता तेव्हा त्याला कोण काय देत होतं? आता त्याच्या डोक्यात घुमट म्हणजे मोबाईल मिळवायचं काम झालंय, आणि काम कोण रोज करतं सांगा! मोबाईल द्यायचाच असेल तर शाळेसाठी म्हणून द्या, घुमटाला त्यात ओढू नका.

आता काकींचं रक्त. तुमच्या फोंडा तालुक्यातच बघा, केरीच्या गायिका केसरबाई केरकर, मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर, मंगेशीचेच गायक जितेंद्र अभिषेकीबुवा. लोक म्हणतात मातीचा गुण. मला वाटतं माती कमी, घर जास्त. दीनानाथांच्या आई येसूबाई देवळात गायच्या, अभिषेकीबुवांचे वडील कीर्तनकार, अशा घरातल्या पोराच्या कानावर आपण मुळाक्षरं गिरवायच्या वयात सूर आणि लय पडत असते, आणि मग बाहेरच्याला वाटतं जन्मतःच घेऊन आलंय. पण मी काकींना पूर्ण खोटंही पाडणार नाही. स्वीडनमधल्या जुळ्यांवरचा २०१४ चा अभ्यास आहे, त्यात एकसारख्या जुळ्यांपैकी एकाने दुसऱ्यापेक्षा कितीतरी जास्त रियाज केला असला तरी सूर-लय ओळखायच्या चाचणीत दोघांत फरक दिसला नाही, आणि वर रियाज करायची ओढसुद्धा बऱ्यापैकी आनुवंशिक निघाली. म्हणजे रक्त आहे, नाही असं नाही. फक्त ते काकींना कुंपणावरून दिसत नाही एवढंच. सगळ्या वस्तू बडवत फिरणारं पोर तुमच्या घरात निघालं, मग ओढ नाही असं कसं म्हणता?

एक करून बघा. स्पर्धेचा विषय महिनाभर काढूच नका, घरच्या आरतीला, शेजारच्या आरतीला त्याला मोठ्या माणसांच्या बाजूला बसवा. घुमटात उजवा हात चामड्यावर आणि डावा मागच्या तोंडावर, ते तोंड किती झाकायचं किती उघडायचं त्यावर आवाज फिरतो, आणि हे क्लासात कितीही सांगितलं तरी जुन्या वाजवणाऱ्याच्या मांडीला मांडी लावून बसल्याशिवाय डाव्या हाताला कळत नाही. (काही म्हातारे आल्या आल्या घोरपडीच्या कातड्यासारखा आवाज बकरीला नाही म्हणून सुरू करतील, घोरपडीवर बंदी आहे हे त्यांनाही माहीत असतं, ऐकून घ्या.) महिन्यानंतरही तो स्वतःहून हात लावत नसेल तर मग क्लास थांबवा, मी काही बोलणार नाही.

प्रश्न : मी ४४ वर्षांचा, फॅक्टरीत शिफ्ट असते. देवळातल्या भजनात मागे टाळ धरत होतो, आता रीतसर गाणं शिकायला लागलो. दहा हजार तास लागतात म्हणे. दिवसाला एक तास मिळतो. हिशोब केला तर ७१ व्या वर्षी गायक होणार. काय करू? (डिचोली)

उत्तर : हिशोब बरोबर आहे हो, आकडा चुकीच्या जागी लावलाय. तो आला एरिक्सन आणि मंडळींच्या १९९३ च्या अभ्यासातून. बर्लिनमधले व्हायोलिन शिकणारे विद्यार्थी, त्यातल्या सगळ्यात चांगल्या गटाचा विसाव्या वर्षापर्यंतचा एकट्याने केलेला सराव सरासरी दहा हजार तासांच्या आसपास. सरासरी म्हणजे त्याच गटात त्याहून कमी केलेलेही होतेच. तो काही टोलनाका नाही की एवढे भरले की गेट उघडलं. २०१४ मध्ये असे बरेच अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा संगीतात माणसामाणसांत जो फरक दिसतो त्यातला साधारण २१ टक्केच सरावाने समजावता आला. बाकीचं काय? वय, कान, गुरू, घरचं वातावरण, अंगातलं काहीतरी, कोणी नेमकं सांगू शकत नाही.

मला विचाराल तर तासापेक्षा त्या तासात चूक कोण पकडतं ते महत्त्वाचं. मी स्वतः देवळाजवळच्या एका क्लासात चार वर्षं पेटी शिकले, रोज न चुकता बसायचे, आणि कोमल गंधाराला जाताना एकच चुकीचं बोट दोन वर्षं घोटत राहिले कारण सरांकडे तीस मुलं आणि कोणी ऐकतच नव्हतं. रियाज झाला, भरपूर झाला, चुकीचा पक्का झाला. ते बोट अजून तिथेच पडतं. तुम्ही वीस मिनिटं गा, मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि उरलेला वेळ ते ऐका. पहिले आठ दिवस स्वतःचा आवाज ऐकवणार नाही, शिफ्टचा राग येतो तसा येईल, तरी ऐका. आणि आठवड्यातून एकदा गुरूंकडे, तेवढं सोडू नका.

वयाचं म्हणाल तर केसरबाई १८९२ च्या, त्या अल्लादियाखाँसाहेबांकडे १९२१ च्या सुमारास शिकायला लागल्या, म्हणजे तिशीला टेकलेल्या, आधी दोन-चार गुरूंकडे शिकून झालेल्या, तरी पुन्हा नव्याने बसल्या आणि १९४६ ला खाँसाहेब जाईपर्यंत शिकत राहिल्या. त्यांची भैरवी १९७७ ला अमेरिकेच्या व्हॉयेजर यानाच्या तबकडीवरून अंतराळात गेली. तुम्हाला तिकडे जायचं नाहीये ना, भजनात मागच्या ओळीतून पुढच्या ओळीत यायचंय. दोनेक वर्षांत याल असं मला वाटतं.

प्रश्न : चित्रं काढतो पण मूडच येत नाही, महिनोन् महिने कॅनव्हास कोरा. कलाकाराला प्रेरणा कुठून मिळते? (मडगाव)

उत्तर : चवथीच्या पंधरा दिवस आधी कुठल्याही गणपतीच्या चित्रशाळेत जाऊन बस. पावसाने माती सुकत नाही, लाईट जाते, ऑर्डरवाला दारात उभा, आणि माणूस डोळे रंगवतोय. मूड आहे का म्हणून विचार त्याला, काय म्हणतो ते मला कळव. आणि कॅनव्हास सध्या भिंतीकडे तोंड करून ठेव, तो उगाच घाबरवतो. आपले व्यंगचित्रकार मारियो मिरांडा लहानपणी घराच्या भिंती रंगवायचे म्हणून आईने वही हातात दिली, मग रोजची माणसं, लग्नं, पाद्री, गावातली भांडणं सगळं त्या डायऱ्यांत उतरत गेलं, चित्रकलेचं रीतसर शिक्षण नव्हतंच त्यांचं. मडगावचं मार्केट तुझ्या पायाशी आहे बाबा. साधी वही घे, मासळीवाल्या बायका पंधरा मिनिटं एका जागी बसतात, तेवढा वेळ पुरे. चित्र काढताना पकडलं तर बांगडे घ्यावे लागतील एवढी तयारी ठेव.