सर तुरुंगात गेले, तरी मुलाला त्यांचीच काळजी

"मॅडम, निकाल लागला त्या रात्री आम्ही दोघं कितीतरी महिन्यांनी शांत झोपलो. हा मात्र जेवलाच नाही. सकाळी म्हणतो, 'आई, सरांना तिथे चहा मिळत असेल का गं?' माझ्या हातातलं भांडंच पडलं."

मुलगा चौदा वर्षांचा, बॅडमिंटन खेळणारा. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) त्याच्यासह तिघांनी साक्ष दिली आणि प्रशिक्षकाला पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली, शिक्षा झाली. घरच्यांना वाटलं, सुटलो. आईचा प्रश्न होता, एवढं होऊनही याला त्या माणसाचा कळवळा येतोच कसा? पोटातला खरा प्रश्न मात्र तिसऱ्या भेटीत बाहेर आला, तोही दाराशी चपला घालताना: "म्हणजे… त्याला ते आवडत होतं का हो?"

नाही. मी तिला परत आत बसवलं आणि हे आधी सांगितलं. अठरा वर्षांखालच्या मुलाची संमती कायदा धरतच नाही, आणि विश्वासाच्या, अधिकाराच्या जागेवरच्या माणसाने हे केलं तर गुन्हा आणखी गंभीर ठरतो.

पण कलमांनी आईचा जीव थाऱ्यावर येत नाही. म्हणून तो माणूस काय काय करायचा, ते आम्ही आठवत बसलो. रॅकेटचं गटिंग, म्हणजे जाळीची तार बसवणं, फुकट करून द्यायचा. स्पर्धेला जाताना याला गाडीत पुढच्या सीटवर बसवायचा. वडील "खेळाचं दहावीनंतर बघू" म्हणाले, तेव्हा घरी येऊन त्यांची समजूत घालून गेला. "मी पुरणपोळी वाढलीय हो त्याला," आई म्हणाली आणि बराच वेळ गप्प झाली.

मूल ताब्यात घेण्याआधी ही माणसं घर ताब्यात घेतात. इंग्लंडमधला फुटबॉल प्रशिक्षक बॅरी बेनेल होतकरू पोरं हेरण्यात नावाजलेला. मुलं त्याच्या घरी मुक्कामाला जायची, तिथे गेमची यंत्रं, पाळलेलं माकड. त्याच्या अत्याचाराला बळी पडलेला अँडी वुडवर्ड २०१६ मध्ये स्वतःच्या नावानिशी बोलला, तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होता. मधल्या काळात बेनेलने त्याच्या बहिणीशी लग्नही केलं होतं! २०१८ मध्ये बेनेलला ३१ वर्षांची शिक्षा झाली. हे ऐकून आई पहिल्यांदा ताठ बसली. फसलेलं घर आपलं एकटीचं नाही, एवढं तरी तिला दिसलं.

मुलाशी मी वेगळी बोलायचे. पहिले दोन तास क्रिकेटच्या गप्पांत गेले. मग एकदा तो म्हणाला, "ड्रॉप शॉट त्यांनीच शिकवला. आता तो पण विसरायचा का?" घरात भिंतीवरची प्रमाणपत्रं काढून टाकलेली आणि वडिलांच्या तोंडी उठता-बसता "तो नराधम". नराधमावर माया करणारा मी कोण, हा हिशोब पोरगा एकटाच मांडत होता. शिवाय "माझ्यामुळे गेले" हे ओझं. ते उतरायला वेळ लागतो. "तू बोललास म्हणून नाही, त्यांनी केलं म्हणून" हे वाक्य मी त्याला किती वेळा म्हटलं असेल, मोजलं नाही.

आईवडिलांना मी एवढंच सांगितलं की त्याच्याकडून तिरस्कार वसूल करू नका. तो "सर" म्हणाला तर म्हणू द्या. खोदून विचारू नका, आणि तो आपणहून बोलला तर विषय बदलू नका. वडिलांना हे जड गेलं. अजूनही जातं. त्यांचा राग खराच आहे, फक्त तो त्यांनी माझ्यासमोर काढावा, पोरासमोर नको, यावर आमचा समझोता झालाय.

गेल्या महिन्यात आईचा फोन आला. माळ्यावरची रॅकेट त्याने खाली काढलीय, टाकून देऊ का? म्हटलं, ताई, त्यालाच विचारा ना. पलीकडून पोराचा आवाज ऐकू आला: "रॅकेट बाबांनी घेतलेली आहे. ग्रिप सरांनी गुंडाळलेली आहे, ती तेवढी बदलायचीय."