वाचकांचे प्रश्न : सोन्यासाठी वसलेली गावे

प्रश्न : येत्या सप्टेंबरात आम्ही मुलाकडे सॅन होजे येथे जाणार आहोत. कॅलिफोर्नियात सोने सापडल्यामुळे वसलेली जुनी गावे मोटारीने पाहावीत, अशी यजमानांची फार इच्छा आहे. हाती तीन दिवस आहेत. मांडू-महेश्वर जसे एका फेरीत होते, तसे बोडीसकट सारे होईल का?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : बोडी या फेरीतून वगळावे, असे मी आग्रहाने सांगेन. ते ओसाड गाव सिएरा नेवाडा पर्वताच्या पलीकडे, आठ हजार फुटांहून अधिक उंचीवर आहे. तेथे जाण्यायेण्यातच आपला बराच वेळ खर्ची पडेल. त्याऐवजी पर्वताच्या अलीकडच्या पायथ्याशी, १८४९ साली लोटलेल्या सोनेशोधकांच्या स्मरणार्थ ज्याला ४९ हा क्रमांक मिळाला, तो महामार्ग धरावा.

पहिल्या दिवशी कोलंबिया पाहावे. तेथील मुख्य रस्त्यावर मोटारींना मज्जाव असल्याने जुन्या विटांच्या इमारती निवांतपणे पाहता येतात. दुसऱ्या दिवशी उत्तरेकडे कोलोमाला जावे. २४ जानेवारी १८४८ रोजी जेम्स मार्शल यांना लाकूड कापण्याच्या गिरणीच्या पाटात सोन्याचे कण दिसले ते येथेच, अमेरिकन नदीच्या काठी. पुढे लाखो माणसे या प्रदेशात आली. मार्शल मात्र १८८५ साली दारिद्र्यातच वारले, आणि ज्यांची ही भूमी होती त्या मूळ रहिवाशांच्या वाट्याला रोगराई, हत्या आणि विस्थापन आले. हा भाग मुलांनाही अवश्य सांगावा.

तिसरा दिवस ग्रास व्हॅलीची एम्पायर खाण आणि मालाकॉफ यांसाठी ठेवावा. एम्पायर खाण १९५६ पर्यंत चालली आणि तिच्या बोगद्यांची एकूण लांबी ३६७ मैल भरते. तरीही एकच ठिकाण निवडायचे झाले, तर मी मालाकॉफ निवडेन. तेथे पाण्याच्या प्रचंड झोतांनी डोंगरच्या डोंगर फोडले गेले. त्यांचा राडारोडा नद्यांत साचून पात्रे उथळ झाली, पूर वाढले आणि खालच्या खोऱ्यातील शेते गाळाखाली गेली. शेतकऱ्यांच्या बाजूने निकाल देऊन न्यायाधीश लॉरेन्झो सॉयर यांनी १८८४ साली नद्यांत असा गाळ सोडण्यास मनाई केली. ते उघडे, रंगीत कडे पाहिल्यावाचून सोन्याच्या त्या धावपळीचा खरा हिशेब कळत नाही.

सप्टेंबरातही पायथ्याशी ऊन कडक असते, म्हणून पायी फिरणे सकाळीच उरकावे. बोडीला पुढे कधी गेलात, तर हिवाळा टाळावा. बर्फामुळे तेथील रस्ता मोटारींसाठी बंद होतो.