पानगळीच्या दिवसांत संध्याकाळ घरात निवांत जावी आणि तरीही स्वयंपाक, हातकाम व धावणे सुटू नये, हे कसे जमवावे?

तुम्ही विचारले आहे की, पानगळ सुरू झाली की कामावरून परत येईपर्यंत अंधार पडलेला असतो, घरात शिरल्यावर अंगातले जॅकेटही न काढता बसकण मारली जाते, आणि मग उन्हाळाभर नेमाने चाललेले धावणे, साधा घरचा स्वयंपाक आणि हौसेने हाती घेतलेली कामे ही तिन्ही एकदमच सुटतात. शिवाय धावायला पहाटे जावे की संध्याकाळी, असाही तुमचा प्रश्न आहे. मी स्वतः काही वर्षे याच अडचणीत होतो, त्यामुळे मला जे लागू पडले तेवढेच लिहितो.

माझ्या अनुभवात घोळ होतो तो क्रमात. आधी बसू, मग स्वयंपाक करू, मग जमले तर धावू, असा क्रम आपोआप लागतो आणि त्यात धावण्याची पाळी कधीच येत नाही. मी तो उलटा केला. घरात आल्यावर पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत पातेले उकळून पांघरुणात गुंडाळले जाते, मग मी धावायला बाहेर पडतो, परत येईपर्यंत जेवण बहुतेक शिजलेले असते, आणि उरलेली संध्याकाळ एकाच हातकामाला मिळते. घर उबदार वाटावे म्हणून मेणबत्त्या, मऊ उशा, जाड शाली आणण्याला माझी हरकत नाही, परंतु दिवसभर बावीस अंशांच्या खोलीत बसून काढलेल्या माणसाला तशीच खोली संध्याकाळी उबदार वाटणार तरी कशी? गारठ्यातून आत आल्यावरच ती ऊब अंगाला जाणवते.

अंधार अचानक अंगावर आला असे दर वर्षी वाटते, आणि ते वाटणे अगदी खोटेही नाही. दिवसाची लांबी सर्वांत वेगाने बदलते ती विषुवदिनाच्या आसपास, म्हणजे उत्तर गोलार्धात २२-२३ सप्टेंबरच्या सुमारास. ४० अंश अक्षांशावर त्या काळात दिवस रोज अडीच मिनिटांहून थोडा अधिक आखडतो, तर ५० अंशांवर जवळजवळ पावणेचार मिनिटांनी. म्हणजे एका आठवड्यात १८ ते २६ मिनिटांचा उजेड हातचा जातो, आणि उन्हाळ्यात सहज जमणारी वेळ महिन्याभरात काळोखात जाऊन पडते. म्हणून धावण्याची वेळ उजेडावर बेतू नये. ती घरी पोहोचण्याच्या वेळेला जोडावी, म्हणजे सूर्य कधीही मावळला तरी बेत मोडत नाही.

आता पातेल्याविषयी, कारण माझी सगळी व्यवस्था त्याच्यावर उभी आहे. घरात कोणी नसताना चूल किंवा ओव्हन चालू ठेवून बाहेर जाणे मला मान्य नाही. शेगडीवर मंद आचेवर काहीतरी रटरटत ठेवून धावायला जाण्याचा सल्ला कोणी दिला तरी तो ऐकू नये. त्याऐवजी साठवलेल्या उष्णतेवर शिजवण्याची जुनी पद्धत वापरावी. जाड बुडाच्या पातेल्यात धुतलेले सबंध मसूर, कांदा, गाजर, बटाट्याच्या लहान फोडी आणि भरपूर पाणी घालून उकळी आणावी, दहा मिनिटे चांगले खळखळू द्यावे, मग आच बंद करून घट्ट झाकण ठेवून ते पातेले लाकडी फळीवर ठेवावे आणि दोन जाड पांघरुणांत सर्व बाजूंनी गुंडाळावे. पाणी उष्णता भरपूर धरून ठेवते आणि ती बाहेर जायला वाट नसली की तासाभराने झाकण उघडतानाही हाताला चटका बसेल इतकी वाफ येते. मात्र पातेले जवळजवळ भरलेले हवे. अर्धवट भरलेले लवकर निवते आणि मसूर कच्चे राहतात. टोमॅटो, लिंबू यांसारखे आंबट पदार्थ आधी घालू नयेत, कारण आंबटपणामुळे कडधान्य मऊ व्हायला फार वेळ लागतो. परत आल्यावर पातेले पुन्हा पूर्ण उकळावे, तेव्हा आंबट आणि मीठ-मिरपूड घालावी. रात्रभर तसेच गुंडाळून ठेवण्याचा मोह टाळावा, कारण ६० अंशांच्या खाली उतरलेले कोमट अन्न जंतूंना फार सोयीचे असते.

राजमा मात्र या पद्धतीने आठवड्याच्या मधल्या दिवशी करू नये. त्यात एक नैसर्गिक विषारी घटक असतो आणि तो नष्ट होण्यासाठी आठ-दहा तास भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात निदान दहा मिनिटे, आणि माझ्या मते अर्धा तास, खळखळून उकळावे लागते. नुसत्या कोमट-गरम पाण्यात तो तासन्‌तास ठेवला तरी काम होत नाही. हा सुट्टीच्या दिवसाचा, घरात बसून करण्याचा पदार्थ आहे. ब्रेडही तसाच: ५०० ग्रॅम पीठ, ३५० ग्रॅम पाणी, १० ग्रॅम मीठ आणि पाव चमचा सुके यीस्ट रात्री नुसते कालवून झाकून ठेवले की गार घरात ते सावकाश फुगते आणि न मळताही चांगला ब्रेड होतो. कृतीत बारा तास लिहिले असले तरी घर गार असेल तर सोळा-अठरा तास सहज लागतात, त्यामुळे घड्याळापेक्षा पिठाकडे पाहावे. ते दुप्पट होऊन वर बुडबुडे दिसले की झाले. झाकणाच्या जाड भांड्यात, आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये २३० अंशांवर अर्धा तास झाकून आणि पंधरा मिनिटे उघडे, एवढेच त्याचे भाजणे. माझ्या घरी रविवारी सकाळी ओव्हन एकदाच तापतो आणि ब्रेडच्या पाठोपाठ त्यातच लाल भोपळ्याच्या फोडी भाजून निघतात, ज्यांचे सूप पुढचे दोन दिवस पुरते.

धावण्याच्या बाबतीत हा ऋतू खरे तर सर्वांत अनुकूल आहे, आणि तो सोडून देण्याइतकी दुसरी चूक नाही. धावताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात तिच्यापैकी साधारण पाव हिस्साच हालचालीत जातो आणि बाकीची उष्णता होऊन बाहेर पडते. दहा अंशांच्या आसपासच्या हवेत ती उष्णता शरीराला सहज टाकून देता येते, म्हणून उन्हाळ्यात जीव काढणारा वेग आता हलका वाटतो. हेच ध्यानात ठेवून कपडे घालावेत. दाराबाहेर पहिली पाच-सात मिनिटे किंचित थंडी वाजली पाहिजे. बाहेर पडतानाच छान उबदार वाटत असेल तर दुसऱ्या किलोमीटरला जॅकेट कमरेला बांधून पळण्याची वेळ येते. सुती बनियन अंगाला लागून घालू नये, कारण ते घाम धरून ठेवते आणि वेग कमी झाला की तोच घाम गार पडतो. आठवड्यातून तीन वेळा, चाळीस मिनिटे, बोलता येईल इतक्या वेगाने, एवढे पुरे आहे. पानगळीत विक्रम करण्याची गरज नाही.

अंधारात धावायचे तर काही गोष्टी मात्र सोडता येत नाहीत. पदपथ नसेल तर समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने धावावे. प्रकाश परावर्तित करणाऱ्या पट्ट्या नुसत्या छातीवर न लावता घोट्यांवर आणि मनगटांवर लावाव्यात, कारण हलणारे हातपाय पाहून चालकाला समोर माणूस आहे हे फार लवकर उमगते. आणि ओली पाने! त्यांच्यावर पाय घसरतो हे सगळ्यांना माहीत असते, परंतु मला त्यांनी पाडले ते घसरून नव्हे. पानांच्या ढिगाखाली पदपथाची कड झाकली गेली होती, पाय अर्धा कडेवर आणि अर्धा हवेत पडला, आणि तीन आठवडे घोट्याला पट्टी बांधून घरात बसावे लागले. तेव्हापासून कपाळावर दिवा लावतो आणि जिथे पाने साचली आहेत तिथे सरळ चालतो. सुट्टीच्या दिवशी एक फेरी उजेडात मारावी, एवढ्यासाठी की झाडे पाहायची राहून जाऊ नयेत. पानातले हिरवे द्रव्य झाड मोडून टाकते तेव्हा मुळातच पानात असलेला पिवळा रंग उघडा पडतो, तर लाल रंग बहुतेक झाडांत त्याच दिवसांत नव्याने तयार होतो, आणि थंड रात्री व स्वच्छ उन्हाचे दिवस लागोपाठ आले की तो अधिक गडद होतो.

परत आल्यावर आधी ओले कपडे बदलावेत. मी पहिल्या वर्षी तसाच घामेजलेला कांदा चिरत उभा राहिलो आणि दहा मिनिटांत दात वाजू लागले. स्नायू थांबले की उष्णता निर्माण होणे एकदम घटते आणि ओला कपडा उरलीसुरली ओढून नेतो. आता दाराजवळच्या खुंटीवर कोरडे कपडे आधीच टांगलेले असतात.

ती खुंटी जिथे आहे तिथेच एक खुर्ची असते, आणि हातकामाविषयी मला जे सांगायचे आहे ते त्या खुर्चीवरूनच सांगतो. तिचा मागचा पाय डगमगत होता. पहिल्या खेपेला मी सांध्याच्या फटीत सुतारकामाचा पांढरा गम ओतला, दोरीने बांधून ठेवले आणि काम झाले असे समजलो. आठवड्याभरात पाय पुन्हा हलू लागला. कारण साधे होते. हा गम लाकडात मुरून धरतो आणि माझ्या सांध्यात जुन्या, वाळलेल्या गमाचा थर होता, ज्यात काहीच मुरत नाही. दुसऱ्या खेपेला रबरी हातोडीने हळूहळू ठोकून सांधा पूर्ण सोडवला, जुना थर कोमट व्हिनेगरने नरम करून नुसते लाकूड दिसेपर्यंत पात्याने खरवडला, आणि लाकूड दोन दिवस वाळू दिले. मग गम न लावता एकदा जोडून पाहिले, चारही पाय जमिनीला टेकतात याची खात्री केली, आणि त्यानंतरच गम लावून दोरीचा फास टाकला. त्या दोरीत एक काठी अडकवून पीळ देत गेले की क्लॅम्प नसतानाही सांधा घट्ट आवळला जातो. हे सगळे गारठलेल्या गच्चीत न करता घरात केले, कारण दहा अंशांखाली हा गम नीट धरत नाही, पांढरा आणि ठिसूळ होऊन बसतो. चोवीस तास कोणालाही तिच्यावर बसू दिले नाही. या कामाला एकंदर पाच संध्याकाळी लागल्या, पण एकाही संध्याकाळी पाऊण तासाहून अधिक वेळ गेला नाही, आणि या दिवसांत हाती घेण्याचे काम नेमके अशाच मापाचे असावे असे मला वाटते. मधेच थांबवता यावे, पुन्हा मांडामांड न करता सुरू करता यावे, आणि ते डोळ्यांसमोर पडलेले असावे. कपाटात गेलेले काम वसंतातच बाहेर येते.

खुर्चीला शेवटी जवसाचे तेल लावले, तेव्हा एक धोका विसरू नये. या तेलाने भिजलेली चिंधी चुरगळून टोपलीत टाकली तर तेल वाळताना होणारी उष्णता आतल्या आत साठते आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. ती बाहेर, एकेरी पसरून वाळवावी. घासकाम असेल तर तेही सुट्टीच्या दुपारी उघड्यावर करावे. खिडक्या बंद असलेल्या घरात लाकडाचा भुगा दिवसेंदिवस उडत राहतो.

विणकाम या ऋतूला शोभते खरे, आणि लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओलावा शोषूनही ओली लागत नाही, म्हणून धावण्यासाठी लोकरीची टोपी उत्तम. फक्त आधी नमुन्याचा तुकडा विणून मोजावा. कृतीत दहा सेंटिमीटरला २२ टाके सांगितले होते, माझ्या सैल हाताने १८ पडत होते, आणि ११० टाक्यांची जी टोपी पन्नास सेंटिमीटर घेराची व्हायची ती एकसष्टची झाली. ती सध्या चहाच्या किटलीवर असते.

आता पहाट की संध्याकाळ. रस्त्यावर दिवे असतील तर मी संध्याकाळच सुचवीन, कारण बाहेरून आत येण्याचा सगळा लाभ तुम्हाला जेवणाच्या आणि हातकामाच्या वेळी मिळतो. परंतु तुमच्याकडे संध्याकाळी रस्ता काळोखा असेल, किंवा घरातल्यांना तुम्ही त्या वेळी हवे असाल, तर पहाटे जावे आणि पातेले न्याहारीसाठी लावावे: अखंड ओट्सचे जाड तुकडे रात्री भिजत घालायचे, उठल्यावर पाच मिनिटे उकळायचे, आणि गुंडाळायला तेव्हा अंथरुणातली पांघरुणे अजून कोमटच असतात.